खरकटा हात

जनाक्कानं भाताचा घास तोंडात घेतला, या गालातून त्या गालात घोळवला, आणि सुतारांच्या सुनेनं लगबगीनं वाटी तिच्या हनुवटीखाली धरली.

"थुंकू नका हं. अलगद सोडा," माझी सासू म्हणाली. "भात मऊच केलाय."

जनाक्काच्या तोंडात एकही दात नव्हता. हिरड्यांवर भात चिरडला जाताना चपक चपक असा आवाज यायचा, चिखलातून चप्पल ओढल्यासारखा. मग ओठांच्या फटीतून पांढरा लगदा बाहेर आला आणि वाटीत पडला. त्याच्या मागे लाळेची तार लोंबत राहिली. ती तुटेना. सासूनं बोट फिरवून तार तोडली आणि बोट पदराला पुसलं. सुतारांच्या सुनेनं त्या लगद्यातलं शीतभर उचललं आणि मांडीवरच्या तान्ह्या पोराच्या तोंडात घातलं. पोरानं तोंड कडू केलं, जीभ बाहेर काढली. तिनं ते शीत बोटानं पुन्हा आत ढकललं.

"घेतलं गं बाई, घेतलं!" भिंतीला टेकून बसलेल्या बायका म्हणाल्या.

"आता शंभरीशिवाय मरण नाही बघ पोराला."

"पुढची कोण? या, पुढं सरका. पोराचं नाक पुसून आणा," सासू म्हणाली.

मी दाराआड उभी होते, माझ्या तान्ह्या सोनलला कडेवर घेऊन. तिचं तोंड मी माझ्या खांद्याकडे वळवलं.

ही आमच्या घरची दर गुरुवारची गोष्ट. आम्ही कासार. बार्शीकडच्या एका बाजारगावात आमचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानामागे तीन खोल्या. मधल्या खोलीत खिडकीखाली जनाक्काची खाट. जनाक्का म्हणजे माझी आजेसासू. तिचं वय नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात प्लेग आला आणि लोक रानात झोपड्या बांधून राहिले, तेव्हा ती रांगत होती, एवढं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. त्यावरून माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनं, हिशेब मांडला आणि ती शंभरीच्या पार गेल्याचं जाहीर केलं. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. फोटोत तिला जरीचं लुगडं नेसवलं होतं आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जणू तो उधारी मागायला आलाय.

पुढं सोनारांच्या नातवाला हगवण लागली. ते पोर वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. जनाक्कानं आपल्या तोंडातलं चहात भिजवलेलं बिस्कीट त्याला सहज चोखायला दिलं, आणि पोर उठून बसलं. डॉक्टरांची औषधंही चालू होती, पण डॉक्टरांचा फोटो पेपरात आला नव्हता. झालं. बायका पोरं घेऊन यायला लागल्या. म्हातारीचं उष्टं पोटात गेलं की तिच्यासारखं दांडगं आयुष्य मिळतं, असं ठरून गेलं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही शिकले ते फिरोजाबादहून येणाऱ्या बांगड्यांच्या खोक्यांतल्या आणि घरच्या रद्दीतल्या कागदांवरून. पण एवढं मलाही कळत होतं, की विधवा झाल्या दिवसापासून जनाक्काला दुकानात बसू दिलं नव्हतं. त्याआधी साऱ्या पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींच्या हातात तीच चुडा भरायची. नंतर तिच्या हातून बांगडी भरून घेणं अशुभ झालं. आता त्याच घरांतल्या बायका तिच्या तोंडातलं काढून पोरांच्या तोंडात घालत होत्या. हात अशुभ, तोंड शुभ. मधे वीतभर अंतर.

बायका गेल्यावर सासूनं वाटी माझ्या हातात दिली. तळाला लगदा चिकटलेला होता.

"नीट घास. येत्या गुरुवारी हीच वाटी काढू. आपल्या सोनलला सातवा महिना लागलाय. उष्टावण करून टाकू."

"आत्याबाई, उष्टावण मामानं करायचं असतं. माझा भाऊ येणार आहे ना करमाळ्याहून."

"येऊ दे की. भानुदास मांडीवर घेईल. खीर भरवेल. पण पहिला घास जनाक्काच्या तोंडचा."

मला बोलायला तोंड नव्हतं असं नाही, पण त्या घरात त्या विषयावर बोलणं अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. दुकानात बांगड्यांची माळ काढता काढता खाली बसले आणि संपले. साठीही गाठली नव्हती. जनाक्काच्या पाच लेकरांतलं ते शेवटचं. बाकीची चार त्याआधीच गेली होती. सासऱ्यांना बाहेर काढताना जनाक्काला धरून अंगणात आणलं होतं. तेव्हा माझी सासू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि साऱ्या गल्लीदेखत तिनं विचारलं, "आता तरी भरलं का पोट तुमचं?"

जनाक्का काही बोलली नाही.

गल्लीतल्या बायका मात्र बोलत राहिल्या. म्हातारी पोरांचं आयुष्य खाऊन जगतेय. म्हातारीच्या समोर तान्हं लेकरू आणू नये. त्याच वर्षी माझा पहिला मुलगा तापानं गेला. आठवा महिना होता त्याला. तेव्हा तर त्या बायका काही बोलल्यासुद्धा नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. आणि आता त्याच बायका गुरुवारी नंबर लावून बसत होत्या.

दिगंबरला सांगितलं तर तो म्हणाला, "एक शीत तर आहे, वैजू. आईला दुखवू नको. बाबा गेल्यापासून ती कशाला तरी धरून आहे."

"तू खाशील का त्या वाटीतलं?"

"मी काय तान्हा आहे?" असं म्हणून तो दुकानात गेला.

बुधवारी दुपारी मी जनाक्काला आंघोळ घालत होते. हे काम माझंच असायचं. मोरीत स्टुलावर बसवायचं आणि कोमट पाणी तांब्यातांब्यानं सोडायचं. तिच्या पाठीची कातडी चिमटीत धरली तर सोडल्यावरही तशीच उभी राहायची, भिजवलेल्या पापडासारखी. माकडहाडावर एक जखम होती, ती बरीही होत नव्हती आणि वाढतही नव्हती. तिला एक गोडसर वास यायचा, फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखा. मी तोंडानं श्वास घ्यायचे. पायाची नखं शिंगासारखी वळलेली, ती नेलकटरनं कापली जायची नाहीत.

"वैजू, तुला माजी किळस येती का गं?" तिनं पाठमोरीच विचारलं.

मी तांब्या पुन्हा भरून घेतला.

"येते," मी म्हणाले.

"बरं झालं. घरात एक तरी खरं बोलणारी हाय." ती खुसखुसली. हसली की तिचे खांदे हलायचे, आवाज येत नसे. "मलाबी येती."

"कशाची?"

"ह्या तोंडाची. आपलंच उष्टं वाटीत पडताना बघायचं, आन ते लेकराच्या तोंडात जाताना बघायचं. लेकरू कसं तोंड करतं बघितलंस का? लेकराला कळतं. आईला कळत न्हाई."

"मग तुम्ही नाही म्हणा ना."

"कुणाला, तुज्या सासूला, शकूला?" जनाक्कानं मान पुढं वाकवली. मी तिच्या मानेवरून पाणी सोडलं. मग ती म्हणाली, "वाढदिसाला भटजी ती नावं घेत्यात बघ. मरणच न्हाई असले सात जण. घे बरं."

ती नावं मला पाठ होती. दिगंबरच्या वाढदिवसाला सासू तीळ-गूळ घातलेलं दूध त्याच्या ओंजळीत द्यायची आणि भटजी म्हणायचे. मी सांगितली, "अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम."

"ह्यात बाई हाय का एक तरी?"

मी मनात पुन्हा एकदा मोजले. "नाही हो."

"कशी आसंल? कुणी असला वर द्याया आला, की बाई पयलं इचारणार, कायमचं म्हंजे किती दिस? आन तवर भाकऱ्या कुणी थापायच्या?"

मला हसू आवरेना. ओल्या हातानं तोंड दाबून मी हसले. तिचेही खांदे हलत होते.

"पण जनाक्का," मी म्हणाले, "समजा, हे असलं म्हातारपणच नसेल तर? दात शाबूत, डोळे शाबूत, गुडघे दुखत नाहीत. तिशीतली बाई तिशीतच राहिली. मग तर चालेल की नाही?"

"तिशीत मला चार लेकरं व्हती."

"हो."

"ती ऱ्हाणार का माज्यासंगं, का जाणार?"

"समजा, तीही राहिली. कुणीच गेलं नाही. तुमच्या सासूसुद्धा."

"अगं बाई, सासूबी?" ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांत पांढरे पडदे, पण त्यामागे ती हसत होती. "न्हाई, पर इचार करू दे." आणि तिनं खरंच विचार केला. पाठीला साबण लावून होईपर्यंत केला. मग म्हणाली, "कुणीच उठलं न्हाई तर सोनलला बसाया पाट कुठला आणणार?"

"म्हणजे?"

"पंगतीत जेवलीयस न्हवं तू? आपलं जेवान झालं तरी उठता येत न्हाई. शेजारणीचं हुईस्तोवर बसायचं. हात वाळत ऱ्हातो. सगळे संगं उठायचं, अशी रीत. बरुबर हाय ती रीत. माजं काय झालं, माज्या पंगतीतली सगळी उठून गेली. मालक उठलं. जावा उठल्या. लेकरं उठली. लेकरांनी माज्या आदी उठायचं न्हवतं गं." पाणी तिच्या नाकावरून टपटपत होतं. "दुसरी पंगत बसली, तिसरी बसली, आन वाढपी येऊन माज्याच पानात वाढतोय. अन्न वाईट न्हवतं, बरं का. कुणाला सांगशील म्हातारी नावं ठेवत व्हती. जेवले मी. पोटभर जेवले. पर आता हात वाळलाय. खरकटा हात किती येळ आसा धरून बसू?"

तिनं उजवा हात वर केला. बोटं अर्धवट मिटलेली, घास उचलायला मिटावीत तशी. सांधे आखडून ती तशीच राहिली होती, कितीतरी वर्षं. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी तिला पुसून खाटेवर नेलं. जखमेवर पावडर टाकली. तो वास माझ्या हाताला संध्याकाळपर्यंत राहिला.

गुरुवारी सकाळी भानुदास आला. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली. बायका जमायला लागल्या. नेहमीच्या गुरुवारच्याही होत्याच, त्यांना वाटत होतं की घरचं झालं की आपला नंबर लागेल. सासू चुलीपाशी खीर ढवळत होती. मी आत गेले आणि एका दमात बोलून टाकलं.

"आत्याबाई, सोनलला मी ते भरवू देणार नाही."

ती ढवळतच राहिली. "किळस येते?"

"हो."

"मलाही येते."

मला वाटलं होतं ती रागावेल. "मग कशाला?"

सासूनं पातेलं खाली उतरवलं. खीर थोडी सांडली. "तुला काय वाटलं, मी आशीर्वाद मागतेय तिचा? मी परत घेतेय, वैजू."

"काय परत घेताय?"

"माझा नवरा साठीच्या आत गेला. तुझं बाळ गेलं आठ महिन्यांचं. चार दीर-नणंदा गेल्या. कुणाच्या वाटचं ती जगतेय, सांग ना? शंभर वर्षं एका बाईची असतात का? त्यातली कितीतरी आपली आहेत. ती तिच्या आत आहेत. तोंडातनं काढायची आणि पोरीच्या तोंडात घालायची. बाकी मला काही माहीत नाही."

"आणि ही गल्लीतली सगळी पोरं? दर गुरुवारी? त्यांना कशाला घातलं?"

सासूनं माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं सांडलेली खीर पुसत म्हणाली, "आधी बघायला नको का, बाधतं की लागू पडतं ते?"

मला बाहेर बसलेल्या बायका दिसत होत्या. सुतारांची सून, सोनारांची लेक, कुणाकुणाची पोरं मांड्यांवर. लगद्याच्या त्या तारा आठवल्या, आत ढकललेली ती शितं आठवली. मी मोरीत जाऊन ओकले. सासू माझ्या मागे आली. पाठीवरून हात फिरवत राहिली. "ओक. मोकळी हो," ती म्हणत होती. आणि तो हात इतका मायेचा होता की मला त्याचीही शिसारी आली.

चुलीच्या आणि मोरीच्या पलीकडे नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे जनाक्काची खाट. खाट करकरली.

पुढचं सगळं भराभर झालं. दिगंबर आणि भानुदासनं जनाक्काला उचलून बाहेर आणलं, पाटावर बसवलं, पाठीशी लोड दिला. भानुदासच्या मांडीवर सोनल, तिला नवं झबलं, कपाळाला काजळाची तीट. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पुढं होऊन पोरगी उचलायची, असं ठरवलं होतं. पण मी चौकट सोडली नाही. भरल्या घरात सासूचा हात झिडकारायचा म्हणजे काय, हे ज्यांना करावं लागलेलं नाही त्यांना सोपं वाटतं.

सासूनं वाटीतल्या खिरीचा चमचा जनाक्काच्या तोंडात घातला. मग वाटी हनुवटीखाली धरली.

जनाक्कानं घास घोळवला. चपक, चपक.

"सोडा आता," सासू म्हणाली.

जनाक्काच्या गळ्यातली लोंबती कातडी वर गेली आणि खाली आली. तिनं गिळलं होतं.

"गेला वाटतं आत," कुणीतरी म्हणालं. "होतं वयामुळं. परत द्या, शकूताई."

सासूनं दुसरा चमचा दिला. "गिळू नका हं, जनाक्का. लेकरासाठी आहे."

जनाक्का सासूच्या डोळ्यांत बघत होती. तिला किती दिसत होतं कोण जाणे. तिनं दुसरा घासही गिळला. आणि सासू तिसरा चमचा भरणार तोच तिनं तो आखडलेला उजवा हात पुढं केला आणि वाटी ओढून घेतली.

त्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिनं वाटी तोंडाला लावली. खीर गालांवरून, हनुवटीवरून, गळ्याच्या वळ्यांतून खाली ओघळायला लागली. ती घटाघटा पीत होती, गुदमरत होती, नाकातून दूध येत होतं, तरी थांबत नव्हती. शेवयांच्या लडी ओठांना लोंबत होत्या. त्या तिनं बोटानं आत ढकलल्या, तशाच, जशा त्या बाया पोरांच्या तोंडात शितं ढकलायच्या. मग बोटांनी वाटी चाटूनपुसून घेतली. सोनलनं हा प्रकार बघितला आणि भोकाड पसरलं.

"अगं बाई!" सुतारांची सून ओरडली. "लेकराचं खाल्लं म्हातारीनं!"

नुसती सोनल रडत होती.

"व्हय," जनाक्का म्हणाली. तिला धाप लागली होती. "लेकराचं खाल्लं. मागंबी खाल्लं म्हणत्यात समदे. शकू, तू त्या दिशी इचारलं व्हतंस. मी बोलले न्हवते."

सासूनं चमचा खाली ठेवला.

"भरलं गं. आता भरलं पोट. दुसऱ्याला द्याया काय ऱ्हायलं न्हाई आत. हातावर पानी घाल."

मी तांब्या घेऊन पुढं झाले.

"तू न्हवं. शकू घालंल."

सासूनं माझ्या हातातला तांब्या घेतला. मी खाली परात धरली. जनाक्कानं हात पुढं केला आणि सासूनं पाण्याची धार सोडली. आधी ती धार इकडे तिकडे जात होती, मग सरळ पडायला लागली. जनाक्कानं एक एक बोट चोळून धुतलं. आखडलेली बोटं डाव्या हातानं उघडून बेचक्या धुतल्या. चूळ भरली, परातीत टाकली. मग सासूचा पदर हातात घेतला आणि त्याला हात पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत, घरच्या बाईच्या पदराला पुसावेत तसे.

माझ्या मुलीचं उष्टावण त्या दिवशी केळ्यावर झालं. भानुदासनं पिशवीतून आणलेल्या फण्यातलं एक सोललं आणि कुस्करून भरवलं. तिला ते फार आवडलं.

संध्याकाळी सासूनं जनाक्कासाठी कण्या शिजवून नेल्या. जनाक्कानं तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. ते सलाइनचं म्हणाले, तर तिनं दंड पोटाशी धरून ठेवला. पाणी मात्र घ्यायची, चमच्यानं. जिनं इतके गुरुवार तिच्या तोंडातलं बाहेर काढलं, तीच माझी सासू आता वाटी घेऊन खाटेपाशी बसायची आणि आत घालायला विनवायची.

"दोन घास घ्या हो. माझ्यासाठी घ्या."

"हात धुऊन आचवल्यावर कुणी खातं का, शकू?"

"मी तेव्हा बोलले ते मनात धरू नका. माझं माणूस गेलं होतं. भान नव्हतं मला."

"बरुबर बोललीस तू. मलाबी तसंच वाटत व्हतं, परतेक लेकराच्या येळी." आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. "पर खरं सांगते, मी मागितलं न्हवतं गं. कुणीतरी वाढत गेलं."

सासू खाटेच्या लाकडावर डोकं टेकून रडली. जनाक्काचा हात तिच्या केसांत होता. बोटं उघडी होती.

जनाक्का गेली ती दुपारी, आमची जेवणं होऊन भांडी मोरीत पडली होती तेव्हा. गावानं तिला वाजतगाजत नेलं. बँड लावला, बत्ताशे उधळले, पैसे उधळले. ते पैसे पोरांच्या गळ्यात बांधायचे म्हणून बायका धुळीत एकमेकींना ढकलत होत्या. लुगड्याचे तुकडे हवेत म्हणून दोघींनी तिरडीपाशी भांडण काढलं. एकीनं तर दातानंच फाडला काठ. मी सगळं बघत उभी होते आणि मला वाटत होतं, बरं झालं, हिच्या पापण्या आता मिटलेल्या आहेत.

चौथ्या दिवशी सुतारांची सून मागच्या दारी आली. पोर कडेवर होतं, ठणठणीत. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाली, "शकूताई, ती वाटी आहे का? जनाक्काचं शेवटचं उष्टं लागलेली? नुसती धुऊन पाणी दिलं पोराला तरी..."

सासू मोरीपाशी भांडी घासत होती. ती वाटी तिच्याच हातात होती. तिनं चुलीतली मूठभर राख घेतली आणि वाटी आतून घासली, बाहेरून घासली, काठ घासला, मग पुन्हा आतून. विसळली. उन्हात धरून बघितली आणि फरशीवर पालथी घातली.

"पंगत उठली, बाई," ती म्हणाली. "पोराला घरी ने. भूक लागली असेल त्याला."

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. सोनल पुण्याला असते, फोनवर जेवलीस का म्हणून मलाच दटावते. सासू ऐंशीला आली. खाट तीच, खिडकीखालची. हात कापतात म्हणून मीच भरवते, चमच्यानं, आणि अन्न ओघळतं ते पुसते. किळस येते, नाही असं नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे.

जेवण झालं की मी परात आणते आणि त्यांच्या हातावर पाणी घालते. हात खरकटा झालेला नसतो, तरी घालते. आणि रोज विचारते, "भरलं का पोट, आत्याबाई?"

त्या हात पदराला पुसतात. माझ्याच पदराला.

"आजच्यापुरतं," म्हणतात.